रिसिव्हर निवडताना: खोक्यावरचे आकडे आणि मोजलेले आकडे

शंभर वॉटचा रिसिव्हर ऐंशी वॉटच्या रिसिव्हरपेक्षा किती मोठ्याने वाजतो, असा प्रश्न दुकानात जाणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो आणि त्याला मिळणारे उत्तर बहुधा दोन संचांच्या किमतींतील फरकाच्या प्रमाणात फुगत जाते. गणिताने येणारे उत्तर मात्र एका डेसिबलहूनही थोडे कमी आहे, म्हणजे दोन्ही संच शेजारी ठेवून लागोपाठ वाजवले तरी कान देऊन ऐकणाऱ्यालाच जेमतेम कळेल इतके. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स किंवा ब्लू-रे प्लेअर यांच्याकडून येणारा ध्वनिसंकेत घेऊन, त्यातील चॅनेल वेगळे करून आणि त्यांची शक्ती वाढवून ते पाच, सात किंवा नऊ स्पीकरांना पुरवणारा हा संच घेताना जे आकडे समोर येतात त्यांपैकी बरेचसे खरे असूनही निरुपयोगी असतात, आणि जे उपयोगी असतात ते सहसा खोक्यावर छापलेले नसतात. प्रयोगशाळेत मोजलेला आकडा ऐकणाऱ्याच्या खोलीपर्यंत आणून पाहिला, तरच त्याचे मोल ठरवता येते. या प्रकरणात प्रत्येक आकड्याची तशीच तपासणी केली आहे.

१. वॉट आणि डेसिबल

विद्युतशक्ती १ वॉटवरून २ वॉटवर नेली काय किंवा ५० वरून १०० वर नेली काय, कानाला होणारी वाढ सारखीच वाटते, कारण कान शक्तीतील वजाबाकी मोजत नाही, पट मोजतो. या पटीसाठी डेसिबल हे माप वापरले जाते: शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १० आणि शंभरपट झाली की २०. आवाज साधारणपणे 'दुप्पट मोठा' वाटायला १० डेसिबलांची, म्हणजेच दहापट वॉटची गरज असते. त्यामुळे ८० आणि १०० वॉटमधील अंतर, जे किमतीच्या चिठ्ठीवर ठळक दिसते, ते कानापाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ विरून जाते.

किती वॉट पुरतील, हे ठरवण्यासाठी स्पीकरची संवेदनशीलता माहीत असावी लागते. स्पीकरला १ वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे सांगणारा हा आकडा घरगुती स्पीकरांत बहुधा ८४ ते ९० यांच्या दरम्यान असतो. समजा, तो ८७ आहे आणि ऐकणारा तीन मीटरवर सोफ्यावर बसला आहे. मोकळ्या मैदानात तीन मीटरवर आवाज साडेनऊ डेसिबलने घटला असता. खोलीत भिंती बराच ध्वनी परत पाठवतात म्हणून घट ७ धरली, तर १ वॉटला सोफ्यावर ८० डेसिबल मिळतात. घरात चित्रपट पाहताना सरासरी ७५ डेसिबल पुष्कळ झाले, परंतु स्फोट, ढोल किंवा वाद्यवृंदाचा एकदम चढलेला सूर सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो, म्हणून तयारी ९५ ची ठेवावी लागते. ८० पासून ९५ पर्यंतच्या १५ डेसिबलांसाठी सुमारे ३२ वॉट लागतात, आणि तेही क्षणभर. चित्रपटगृहांसाठी ठरलेल्या संदर्भपातळीवर मात्र प्रत्येक मुख्य चॅनेलला १०५ डेसिबलचे शिखर गाठता यावे लागते. त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर त्यासाठी ३१६ वॉट लागतील. त्या पातळीवर सदनिकेत चित्रपट पाहिल्यास सोसायटीच्या पुढच्या सभेत त्याची दखल घेतली जाईल, ही बाब गणिताबाहेरची आहे.

या उदाहरणात ८७ च्या जागी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर लागणारे वॉट निम्म्यावर येतात. वॉटची भूक भागवण्याचा स्वस्त मार्ग बऱ्याचदा रिसिव्हरमध्ये नसून स्पीकरमध्ये सापडतो, आणि विक्रेते ही गोष्ट क्वचितच आपण होऊन सांगतात.

२. छापील वॉट कसे फुगतात

कॅसेटच्या जमान्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या संचांवर 'पीएमपीओ' या नावाखाली हजारो वॉटचे आकडे छापलेले असत. संगीतातील क्षणिक शिखराची शक्ती असा त्याचा अर्थ सांगितला जाई, पण ती कशी मोजावी याचा सर्वमान्य नियमच नसल्याने प्रत्येक उत्पादकाचा आकडा स्वयंभू होता. अमेरिकेत अशाच फुगवट्याला आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला आणि ॲम्प्लिफायरची शक्ती सतत चालू राहणाऱ्या संकेतावर मोजूनच सांगावी, असे बंधन घातले. २०२४ साली तो नियम सुधारून ८ ओहम भार, २० ते २०,००० हर्ट्झ इतका पल्ला आणि १ टक्क्याहून कमी विरूपण या अटी ठरवून देण्यात आल्या. येथे ओहम हे स्पीकर विजेला करत असलेल्या अवरोधाचे माप आहे, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने आणि विरूपण म्हणजे मूळ संकेतात नसलेली, यंत्राने स्वतःच्या पदरची घातलेली भर.

हा नियम अमेरिकेपुरता असल्याने भारतात विकल्या जाणाऱ्या खोक्यावर अजूनही '१५० वॉट प्रति चॅनेल' असा ठसठशीत आकडा दिसतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विरूपण, एक चॅनेल चालू' असे लिहिलेले असते. ही ओळ खोटी नसते, पण तिच्यातली प्रत्येक अट आकडा वर ढकलणारी असते. ६ ओहमला १५० वॉट म्हणजे ३० व्होल्ट. तेच ३० व्होल्ट ८ ओहमला दिले की ११२ वॉट उरतात. १० टक्के विरूपण म्हणजे लाटेची टोके छाटली जाऊन आवाज फाटू लागल्याची अवस्था. तिथून १ टक्क्यापर्यंत मागे आल्यास साधारण एक पंचमांश शक्ती गळते आणि आकडा ९० च्या आसपास येतो. दोन्ही पुढचे स्पीकर एकदम वाजवले की तो आणखी थोडा उतरून ८० च्या घरात स्थिरावतो. दीडशेचे ऐंशी झाले हे वाचून ग्राहकाने फसवणूक झाल्याची भावना करून घेण्याचे कारण नाही, कारण डेसिबलांत ही घट तीनाहूनही कमी आहे. मात्र दोन उत्पादकांच्या संचांची तुलना करताना दोघांचेही आकडे अशा रीतीने एकाच पायरीवर आणूनच पाहावेत.

विजेच्या चढउताराची धास्तीही याच हिशेबाने तपासता येते. २३० व्होल्टचा पुरवठा १० टक्क्यांनी घसरला, तर साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या रिसिव्हरची कमाल शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते, म्हणजे ०.९ डेसिबलने. संचाच्या आयुष्याच्या दृष्टीने चढउतार वाईटच, परंतु 'व्होल्टेज कमी असल्याने आवाज मेला' ही तक्रार या आकड्यात बसत नाही.

३. एका टाकीवरचे सात नळ

रिसिव्हरमध्ये सात किंवा नऊ ॲम्प्लिफायर असले तरी त्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो. इमारतीच्या गच्चीवरची टाकी एक आणि नळ अनेक असावेत, तशी ही रचना आहे: दुपारी एखादाच नळ उघडला तर पाणी धो-धो येते, पण सकाळी सगळ्या घरांत एकदम नळ सुटले की प्रत्येकाच्या वाट्याला बारीक धार येते. म्हणूनच स्वतंत्र चाचण्यांत दोन चॅनेल चालवून १०० वॉट देणारा संच पाच किंवा सात चॅनेल एकदम चालवल्यावर प्रत्येकी ६०-७० वॉटवर किंवा त्याहून खाली आलेला आढळतो. प्रत्यक्ष चित्रपटात सातही चॅनेल एकाच क्षणी पूर्ण जोराने वाजण्याचे प्रसंग विरळा, त्यामुळे ही घट भयंकर मानू नये. तरीही 'सात गुणिले १५०, म्हणजे १०५० वॉट' असा गुणाकार करणाऱ्याला टाकीची आठवण करून देणे योग्य ठरते.

टाकीचा दम पाहण्याची अधिक चांगली खूण म्हणजे ८ ओहम आणि ४ ओहम या दोन भारांवर मोजलेली शक्ती. व्होल्टेज तेच राहून अवरोध निम्मा झाला की शक्ती दुप्पट व्हायला हवी. १०० वॉटचा संच ४ ओहमला १५० वर थांबत असेल तर त्याचा विद्युतपुरवठा तिथे धापा टाकू लागतो, एवढे कळते. हे महत्त्वाचे यासाठी, की '८ ओहम' असे लिहिलेल्या स्पीकरचा अवरोध काही वारंवारतांना ४ किंवा त्याहूनही खाली जातो. काही रिसिव्हरांच्या मागे स्पीकरचा अवरोध निवडण्याची सोय असते. ती ४ ओहमवर ठेवल्यास बऱ्याच संचांत आतला व्होल्टेजच उतरवला जातो. संच गार राहतो, पण मोजमापात शक्ती लक्षणीय घटलेली दिसते. स्पीकरला 'जुळवून घेण्याची' ही सोय आहे, हा समज चुकीचा आहे.

सर्व स्पीकरांचा ८० हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे वळवला, तर सर्वांत जास्त शक्ती खाणारा भाग सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर जातो आणि रिसिव्हरच्या टाकीवरचा ताण आपोआप हलका होतो. सबवूफर असलेल्या घरात वॉटचा वाद अर्धाअधिक येथेच संपतो.

४. साइनॅड: शुद्धतेचा एक आकडा आणि त्यात दडलेले अनेक

रिसिव्हरच्या मोजमापांत अलीकडे सर्वाधिक चर्चा 'साइनॅड' या आकड्याची होते. एका ठरावीक सुराचा, बहुधा १ किलोहर्ट्झचा, शुद्ध संकेत संचात सोडायचा, बाहेर आलेल्या संकेतातून तो सूर वगळायचा आणि जो गाळ उरतो, म्हणजे विरूपण आणि खरखर मिळून, तो मूळ सुरापेक्षा किती डेसिबल खाली आहे हे मोजायचे, अशी ही पद्धत आहे. ६० डेसिबल म्हणजे ०.१ टक्का गाळ, ८० म्हणजे ०.०१ टक्का, १०० म्हणजे ०.००१ टक्का. रिसिव्हरांचे ॲम्प्लिफायर ५ वॉटला मोजले असता पुष्कळदा ७० ते ८५ यांच्या दरम्यान आढळतात. हा गाळ इतका कमी असण्याचे श्रेय ऋण प्रतिपोषणाच्या कल्पनेला जाते. बाहेर आलेल्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा आणि चूक तिच्याच विरुद्ध वापरून खोडायची ही युक्ती बेल लॅब्जचे अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर सुचली आणि ती त्यांनी हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली.

आता हा आकडा खोलीत आणू. आधीच्याच उदाहरणात ५ वॉटला सोफ्यावर ८७ डेसिबल मिळतात. साइनॅड ८० असेल तर गाळ ७ डेसिबलवर आहे आणि ७० असेल तर १७ वर. रात्री पंखा बंद करूनही शहरातील दिवाणखान्यात ३० डेसिबलच्या आसपास कोलाहल असतोच. दोन्ही गाळ त्याच्या बरेच खाली आहेत, शिवाय वाजत असलेल्या संगीताच्या आडोशाला आहेत, म्हणून या खोलीत ७० आणि ८० यांतला फरक ऐकू येईल असे मानायला आधार नाही. परंतु स्पीकर १०० डेसिबल संवेदनशीलतेचा, भोंग्याच्या घडणीचा असेल, तर तोच गाळ १३ डेसिबलांनी वर येतो आणि ६० साइनॅडचा संच तेथे शांत प्रसंगांत आपले अस्तित्व दाखवू लागतो.

'शांत प्रसंगांत' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण साइनॅडमध्ये एकत्र मोजलेल्या दोन गोष्टींची वागणूक अगदी वेगळी असते. विरूपण संगीताबरोबर वाढते आणि संगीत थांबले की थांबते. खरखर मात्र संगीत चालू असो वा नसो, तेवढीच राहते. त्यातही सगळी खरखर सारखी नाही. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पुरवठ्यातून झिरपणारी घुमी ५०, १०० आणि १५० हर्ट्झला दिसते, तर अमेरिकेत घेतलेल्या आलेखांत ती ६० आणि १२० ला असते. ५० हर्ट्झचा ध्वनी ४० डेसिबलांच्या वर गेल्याशिवाय कानाला कळतच नाही, परंतु ३ किलोहर्ट्झच्या आसपास कान अत्यंत तिखट असतो. एका संचाचा गाळ मुख्यतः ५० हर्ट्झला आणि दुसऱ्याचा मुख्यतः ३ किलोहर्ट्झला असेल, तर साइनॅड दोघांना एकच गुण देईल आणि कान मात्र देणार नाही.

म्हणून आकड्यापेक्षा त्याच्याबरोबर येणारा वर्णपट वाचावा. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर पातळी असलेल्या या आलेखात १ किलोहर्ट्झला एक उंच सुळका असतो. डावीकडच्या तळाशी ५० हर्ट्झच्या पटीतले सुळके ही विजेची घुमी, तर उजवीकडे २, ३, ४ किलोहर्ट्झला उभे असलेले सुळके हे विरूपण. दुसऱ्या आणि तिसऱ्या पटीतले सुळके मूळ सुरामागे बऱ्याच अंशी झाकले जातात. सातव्या, नवव्या पटीपर्यंत लांबलेली सुळक्यांची रांग अधिक संशयास्पद मानावी. त्याखेरीज शक्ती वाढवत नेल्यावर विरूपण कसे बदलते हा आलेखही पाहावा. चांगल्या संचात ही रेषा हळूहळू उतरत जाते आणि एका बिंदूनंतर काटकोनात वर उसळते. तो गुडघ्यासारखा बिंदू म्हणजेच संचाची खरी वॉटमर्यादा, आणि खोक्यावरच्या आकड्याशी तो ताडून पाहण्यासारखा असतो.

साइनॅडच्या यादीत वरचा क्रमांक मिळवणारा संच अधिक सुरेल असतो, असे यातून सिद्ध होत नाही. रचनेत काही गफलत राहिली आहे का, हे ओळखण्याची चाळणी म्हणून हा आकडा उत्तम आहे: जो संच ७० च्या आसपास पोहोचतो त्याला सामान्य घरापुरते उत्तीर्ण समजावे आणि जो ५० वर अडतो त्याचे काय बिघडले आहे, ते वर्णपटात शोधावे.

५. सपाट रेषा

सर्व वारंवारता सारख्याच प्रमाणात वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा प्रतिसाद आलेखावर सपाट रेषेसारखा दिसतो. २० ते २०,००० हर्ट्झमध्ये अर्ध्या डेसिबलच्या आत राहणारी रेषा समाधानकारक समजली जाते आणि आजचे बहुतेक रिसिव्हर ती गाठतात. अपवाद काही डी-वर्गी, म्हणजे संकेताचे वेगवान चालू-बंद स्पंदांत रूपांतर करणाऱ्या ॲम्प्लिफायरांचा. त्यांतील साध्या रचनांत वरच्या टोकाचा प्रतिसाद जोडलेल्या स्पीकरच्या ओहमप्रमाणे बदलतो. असा संच घेताना ४ आणि ८ ओहम या दोन्ही भारांवरचे आलेख पाहावेत.

पुढे कधी स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर जोडायचा विचार असेल, तर प्री-आउटवर, म्हणजे शक्ती वाढवण्याआधीचा संकेत बाहेर देणाऱ्या जोडणीवर, स्वच्छ व्होल्टेज किती मिळते, हेही पाहावे. २९ डेसिबल वाढ देणाऱ्या पॉवर ॲम्प्लिफायरला ८ ओहमवर १०० वॉटसाठी केवळ १ व्होल्ट पुरतो, त्यामुळे ४ व्होल्टची हाव धरण्याचे कारण नसते. मात्र सव्वा व्होल्टलाच विरूपण वाढू लागणारे संचही आढळतात.

६. खोलीचे मोजमाप

आतापर्यंत ज्या फरकांची चर्चा झाली ते टक्क्याच्या शतांशात किंवा अर्ध्या-एक डेसिबलात होते. खोली मात्र खर्जाच्या पट्ट्यात १० ते १५ डेसिबलांची उलथापालथ करते. ४.२५ मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४० हर्ट्झची अर्धी लाट नेमकी मावते आणि तो सूर भिंतीजवळ घुमतो, तर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. अमेरिकी घरांच्या जिप्सम बोर्डाच्या भिंती थोडा खर्ज शोषून घेतात. महाराष्ट्रातील विटा-काँक्रीटच्या भिंती आणि विट्रिफाइड फरशी तो जसाच्या तसा परत फेकतात. त्यामुळे भारतीय ग्राहकाला रिसिव्हरमधील खोली-सुधारणेची प्रणाली अधिकच मोलाची आहे.

ऑडिसी, डिरॅक किंवा यामाहाची वायपीएओ या अशा काही प्रणाली होत. सोबतच्या मायक्रोफोनने प्रत्येक स्पीकरचा चाचणी-सूर अनेक जागांवरून मोजून त्या चढाव कापतात, काही उतारही भरतात आणि स्पीकरांतील अंतराचा फरक वेळेच्या हिशेबात जमवतात. एकाच उत्पादकाच्या स्वस्त आणि महाग संचांत ॲम्प्लिफायर जवळपास सारखे, पण ही प्रणाली वेगळ्या प्रतीची, असे अनेकदा घडते. साध्या प्रतीत सबवूफरच्या खर्जावर फारसे काम केले जात नाही, आणि नेमके तेथेच काम सर्वांत जास्त असते. किमतीतील फरक कशासाठी द्यावा, असा प्रश्न आल्यास वीस वॉटपेक्षा तो यासाठी द्यावा.

या प्रणालीचीही मर्यादा गणितातून कळते. लाटा एकमेकींना खोडत असलेल्या जागी १० डेसिबल भर घालायची तर दहापट वॉट लागतात, आणि तरीही खड्डा भरत नाही, कारण वाढवलेली लाट तितक्याच वाढलेल्या परावर्तनाने पुन्हा खोडली जाते. तेथे सबवूफर किंवा सोफा हातभर सरकवणे हाच उपाय. मोजताना मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर न टेकवता तिवईवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवावा; छताचा पंखा बंद करावा आणि कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यावी. ज्याला परिणाम स्वतः पडताळायचा आहे, त्याला यूएसबीवर चालणारा अंशांकित मायक्रोफोन आणि 'आरईडब्ल्यू' ही विनामूल्य संगणक प्रणाली पुरेशी आहे.

७. मोजणारे कोण, काय आणि कशावर

उत्पादकाने दिलेला आणि स्वतंत्र परीक्षकाने मोजलेला आकडा जुळत नसेल, तर आधी अटी पाहाव्यात: किती वॉटवर, किती ओहमवर, कोणत्या मार्गाने संकेत आत सोडला. त्यानंतर मोजलेला नग आणि दुकानातला नग एकच आहेत का, हेही पाहावे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील नोबेओका येथील असाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या कारखान्याला आग लागली आणि डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या चिपांचा जागतिक पुरवठा आटला. अनेक उत्पादकांना दुसऱ्या कंपन्यांच्या चिप बसवाव्या लागल्या; त्यामुळे आगीपूर्वी मोजलेल्या संचाचा आलेख नंतर बनलेल्या संचाला तंतोतंत लागू होईलच, असे धरून चालणे धोक्याचे ठरले.

कानावरच का विसंबू नये, याचेही उत्तर मोजमापातूनच मिळाले आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पाहून आणि एकदा पडद्याआड ऐकले, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या नाममुद्रेने व आकाराने त्यांचे गुण बदलले. दुकानातील तुलनेत तर दोन संचांची पातळी जुळवलेलीही नसते, आणि अर्धा-एक डेसिबल मोठा वाजणारा संच 'अधिक खुला' किंवा 'अधिक भरदार' वाटतो.

ध्वनीच्या मोजमापात न येणारे दोषही असतात. २०२० साली बाजारात आलेल्या अनेक रिसिव्हरांतील एचडीएमआय २.१ ची चिप काही गेमिंग यंत्रांकडून येणारे सेकंदाला १२० चौकटींचे ४के चित्र पुढे पाठवू शकत नव्हती आणि पडदा काळा राहत असे. पुढे एका उत्पादकाने बाहेरून जोडायची छोटी पेटी पुरवली, दुसऱ्याने आतला बोर्ड बदलून दिला. या संचांचे साइनॅड, वॉट आणि सपाट रेषा सगळे ठीकच होते. म्हणून संच घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी त्याला घरातील प्रत्येक यंत्र जोडावे, तीन तासांचा एखादा चित्रपट नेहमीच्या पातळीवर पूर्ण चालवावा आणि शेवटी टीव्हीच्या कपाटात, जेथे तो कायमचा राहणार आहे तेथे, वरच्या जाळीवर हात ठेवून तो किती तापला आहे ते पाहावे.